इनायतखानाचा हजेरीपट

मी डॉकवर काम करतो म्हटलं की मुंबईची माणसं विचारतात, कुठला डॉक? मी म्हणतो, चाकणचा. ती हसतात. चाकणला समुद्र कधी आला बाबा?

समुद्र नाही. डॉक आहे. गोडाऊनच्या पाठीमागं छातीएवढा उंच सिमेंटचा कट्टा, त्यावर ओळीनं शटरं, दर शटराला आकडा. ट्रेलर पाठ लावून उभा राहतो, कंटेनरचं दार उघडतं अन् आम्ही आत शिरतो. एप्रिल-मे महिन्यात त्या लोखंडी पेटीत शिरून बघा. दहा मिनिटांत बनियन पिळून काढता येतं. भरून झालं की सील मारतात, सीलचा नंबर लिहून घेतात, अन् पेटी तळेगाववरून घाट उतरून न्हावाशेव्याला जाते. तिथून बोटीनं जगात. माझ्या हाताचा घाम लागलेली खोकी जर्मनीला गेलीत, मेक्सिकोला गेलीत. मी अजून न्हावाशेवा बघितलेलं नाही.

तर हे बिनसमुद्राचं बंदर आहे, दोस्तांनो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ साली एमआयडीसी जन्माला आली. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. नंतर कारखाने भोसरी ओलांडून चाकणला गेले, कांद्याच्या वावरात गाड्यांचे सांगाडे उभे राहू लागले. लातूर, बीड, नांदेड, उस्मानाबाद, पलीकडून बिहार, ओरिसा, जिथं म्हणून पाऊस माणसाला फसवतो तिथली माणसं इथं येऊन आदळली. माझा बापही असाच आदळला. या बंदराला आशिया खंडातली सगळ्यांत श्रीमंत महापालिका लाभली असं भाषणात सांगतात. ऐकून ऐकून आम्हाला पाठ झालंय. श्रीमंत शहर. श्रीमंत शहर. चला, मान्य. आता मला श्रीमंत शहराची गोष्ट सांगू द्या.

ही गोष्ट सुरतेची आहे. साल १६६४.

शाळेत आम्हाला सुरत दोन ओळींत शिकवली. महाराजांनी सुरत लुटली, स्वराज्याची तिजोरी भरली. प्रश्न एक मार्काचा. मी तो बरोबर सोडवला आणि मॅट्रिक झालो. पुढं आमच्या वस्तीतल्या एका रिटायर मास्तरांनी जदुनाथ सरकारांचा १९१९ सालचा शिवाजीवरचा इंग्रजी ग्रंथ मला वाचून दाखवला. ते एक पान वाचायचे, मराठीत सांगायचे, मग मी चहा आणायचो. तीन पावसाळे आम्ही ते पुस्तक पुरवलं. तिथं मला दुसरी सुरत दिसली.

ती मोगलांची सगळ्यांत मातबर पेठ. हजची गलबतं तिथून सुटायची. एकट्या जकातीचं उत्पन्न वर्षाला बारा लाख रुपये. तेव्हाचे बारा लाख! विरजी व्होरासारखा सावकार त्या गावात राहायचा. इंग्रजांची वखार, डचांची वखार. वस्ती दोन लाख. पण दोन लाख माणसं काय वाड्यांत राहत होती? नाही. तापीच्या काठानं सावकारांची घरं. बाकीचं शहर म्हणजे लाकडाचे खांब, बांबूच्या भिंती, वरून मातीचा लेप. आळीच्या आळी पालथी घातली तरी विटेचं घर सापडायचं नाही. त्या बांबूमातीत कोण राहत असेल? गलबतातून गाठोडी उतरवणारे हमाल, खलाशी, विणकर, कातडं कमावणारे, मैला वाहणारे. त्यांची नावं कुठल्या बखरीत नाहीत. मास्तर म्हणाले, "नावं सापडत नाहीत रे." मी म्हणालो, "मास्तर, मला सापडली."

या शहराचा धनी कोण? सुभेदार इनायतखान. शहराच्या रक्षणासाठी पाचशे शिपायांचा पगार तो बादशाही खजिन्यातून उचलायचा. आणि शिपाई? शिपाई नव्हतेच. पाचशे शिपाई कागदावर जेवत होते, कागदावर पहारा करत होते, कागदावर तलवारी पाजळत होते. पगार खानाच्या घशात. शहराला धड तटबंदी नाही. आणि हे कुणाला माहीत नव्हतं असं मी मानायला तयार नाही. ज्या गावात पाचशे शिपाई असायला पाहिजेत तिथं ते दिसत नाहीत, हे पाणी भरणाऱ्या बाईलासुद्धा दिसतं. पण जकात येत होती. गलबतं येत होती. सगळं बरं चाललं होतं.

५ जानेवारीला बातमी आली, शिवाजी गणदेवीपर्यंत पोचला. बायकापोरं घेऊन लोक नदी ओलांडून पळायला लागले. खान काय करतो? खान किल्ल्यात शिरतो. ज्या पैसेवाल्यांनी किल्लेदाराचे हात ओले केले त्यांनाही किल्ल्यात जागा मिळते. दार बंद. दोन लाखांतली मूठभर आत, बाकीचं शहर बाहेर.

६ तारखेला महाराज आले. सुभेदारानं आणि तीन बड्या व्यापाऱ्यांनी येऊन खंडणीचं ठरवावं, असा निरोप त्यांनी आधीच धाडला होता. खानानं उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी बोलणी करायच्या नावाखाली एक पोरगा पाठवला, त्यानं महाराजांवर खंजीर उगारला. पोराचा हात तुटला, जीव गेला. खान किल्ल्यातच. किल्ल्यावरून तोफा सुटल्या, त्यांनी मराठ्यांपेक्षा शहराचंच जास्त नुकसान केलं. हे वाक्य आलं तेव्हा मी मास्तरांना थांबवलं. म्हणालो, पुन्हा वाचा. धन्याच्या तोफा धन्याच्याच शहरावर.

इंग्रजांनी मात्र आपली वखार राखली. दीडदोनशे माणसं, पण ती खरोखरची होती. कागदावरची नव्हती.

महाराजांवर माझा रोख नाही. उगाच कुणी काठी घेऊन येऊ नये. युद्ध होतं. शास्ताखान तीन वर्षं पुण्याचा मुलूख ओरबाडत होता, त्याची वसुली सुरतेत झाली. मोहनदास पारेख नावाच्या मेलेल्या दलालाचं घर, तो दानधर्म करणारा होता म्हणून महाराजांनी सोडून दिलं. पण आग लागली तेव्हा आधी काय पेटलं असेल? बांबू. किल्ल्याच्या दगडाला आग लागत नसते. लुटीची रक्कम इतिहासात आहे, एक कोटीच्या वर. ज्यांच्याकडं लुटण्यासारखं काहीच नव्हतं त्यांचं जे जळालं, त्याची बेरीज कुणी केली नाही.

१० तारखेला मराठे निघून गेले. पुढं खान किल्ल्याबाहेर आला तेव्हा लोकांनी त्याची हुर्यो उडवली, त्याच्यावर घाण फेकली. शाब्बास! मी म्हणतो हा त्या साऱ्या आठवड्यातला सगळ्यांत खरा क्षण. तेव्हा खानाच्या पोराचं रक्त खवळलं. चार दिवस मराठ्यांसमोर जे खवळलं नव्हतं ते. त्यानं बंदूक उचलली आणि एका गरीब, निरपराध बनियाला ठार केलं.

बस्स. सुरतेची गोष्ट ही एवढी आहे. पुढं बादशहानं तटबंदी बांधायचा हुकूम सोडला, व्यापाऱ्यांना जकात माफ केली. मातीच्या घरातल्यांना काय माफ केलं ते पुस्तकात नाही. आणि १६७० च्या ऑक्टोबरात सुरत पुन्हा लुटली गेली. कारण भिंत म्हणजे माणसं नव्हेत.

आता तुम्ही म्हणाल, चाकणच्या पोराला सुरतेचं काय? आहे. संबंध आहे. सुरतेच्या चार वर्षं आधी, १६६० च्या पावसाळ्यात, हाच शास्ताखान आमच्या चाकणला येऊन बसला होता. चाकणचा संग्रामदुर्ग म्हणजे भुईकोट. डोंगर नाही, कडा नाही. सपाटीवरचा लहानसा किल्ला. आत फिरंगोजी नरसाळा आणि जेमतेम तीन-चारशे माणसं. बाहेर मोगलांचा समुद्र. फिरंगोजीनं पन्नासच्या वर दिवस किल्ला झुंजवला. सुरुंग लावून बुरूज उडवला तेव्हा कुठं खान आत आला. आज त्या किल्ल्याचे पडके अवशेष चाकण गावात उभे आहेत. सुट्टीला मी तिथं जाऊन बसतो.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. एकीकडं बारा लाख जकातीचं शहर, एक दिवसही टिकलं नाही. दुसरीकडं गरीब भुईकोट, पन्नास दिवस टिकला. फरक पैशाचा होता? पैसा तर सुरतेत होता. फरक हजेरीपटाचा होता. चाकणच्या हजेरीपटावर जितकी नावं होती तितकी माणसं तटावर उभी होती. सुरतेच्या हजेरीपटावर पाचशे होती आणि तटावर कुणी नव्हतं.

म्हणून मी म्हणतो, कुठलंही शहर किती श्रीमंत हे विचारू नका. त्याचा हजेरीपट खरा आहे का ते विचारा.

आता माझ्या हजेरीपटाचं सांगतो. हे सांगायला मला जड जातं. पण दुसऱ्याच्या खानावर बोट ठेवायचं तर आपलंही सदरं उघडं करावं लागतं.

२०२४ च्या पावसाळ्यात मी एका ठेकेदाराकडं होतो. रात्रपाळी. एकदा सुपरवायझर चहाला गेला अन् हजेरीचं रजिस्टर टेबलावर उघडं राहिलं. मी मॅट्रिक. वाचायची खोड. मोजलं तर आमच्या पाळीला चाळीस नावं. डॉकवर आम्ही सव्वीस. चौदा माणसं कुठंयत? मी आजूबाजूला बघितलं. शटराला नाहीत, कंटेनरात नाहीत, मुतारीत नाहीत. आमच्या सव्वीस पाठींवर चाळिसांचा माल चढत होता, आणि चौदांचा पगार कुणीतरी उचलत होता. त्या रात्री मला पहिल्यांदा इनायतखान दिसला. त्याला दाढी नव्हती, पगडी नव्हती. पांढरी गाडी होती अन् गळ्यात साखळी.

आमच्यात एक तात्या होते. पन्नाशीचे. नांदेडकडचे. ते बदलीवर यायचे, म्हणजे कुणी आजारी पडलं तर. रोख पैसे, रजिस्टरला नाव नाही. लक्षात घ्या, चौदा माणसं कागदावर होती ती कामावर नव्हती, आणि तात्या कामावर होते ते कागदावर नव्हते. एका रात्री पॅलेट घसरलं. ओला कट्टा, झिजलेली चाकं. तात्यांचा पाय खाली सापडला. मी आणि एका बिहारी पोरानं मिळून पॅलेट उचललं. मलमपट्टीची पेटी उघडली तर आत एक रिकामी बाटली. टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. दोन बोटं काढावी लागली.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस आला. म्हणाला, "हा म्हातारा आपला नाही. गेटात कसा शिरला कुणाला ठाऊक." मग माझ्याकडं वळला. "तू शिकलेला आहेस ना? ह्याच्यावर सही कर. बाकी आंगठेबहाद्दर आहेत." कागदावर लिहिलं होतं की, सदर इसम त्या रात्री कामावर नव्हता.

मी सही केली.

घरी खोलीभाडं थकलं होतं, बहिणीचं नर्सिंगचं ॲडमिशन होतं, ही कारणं आहेत. कारणं सगळ्यांकडं असतात. खानाच्या कारकुनाकडंही असतील. त्यालाही लेकरं असतील. पाचशे शिपायांच्या हजेरीवर दर महिन्याला कुणीतरी सही करतच होतं की! इनायतखान एकट्यानं होत नसतो. त्याला लिहितावाचता येणारी माणसं लागतात. बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितलं, आणि माझ्या शिक्षणाचा पहिला मोठा उपयोग मी एका म्हाताऱ्याची दोन बोटं पुसून टाकायला केला.

दीड महिन्यानं मी तात्यांच्या खोलीवर गेलो. ते भिंतीला टेकून बसले होते. मी खाली बघूनच बोललो.

"तात्या, सही माझी हाय त्या कागदावर."

"म्हाईत हाय लेका," ते म्हणाले. "तू न्हाय केली तर दुसऱ्यानं केली असती."

"दुसऱ्याला लिव्हता येत नव्हतं."

तात्या गप्प राहिले. मग म्हणाले, "आता येतंय ना तुला लिव्हता? मग लिव्ह."

मी लिहिलं. तारीख, वेळ, शटरचा नंबर, कोण कोण होतं, पाय कसा सापडला, मी खोटी सही का केली. खाली खरी सही. त्या बिहारी पोरानं अंगठा दिला. तो कागद तात्यांकडं आहे, त्यांचं भांडण चालू आहे. माझं काम गेलं. आता दुसऱ्या डॉकवर आहे. इथला हजेरीपट अजून बघायला मिळालेला नाही.

ही झाली डॉकची गोष्ट. आता डॉकवरून मान वर करून शहराकडं बघा.

या श्रीमंत शहरात २०१९ च्या नोव्हेंबरात दिवसाआड पाणी सुरू झालं. पाच वर्षं उलटली तरी दिवसाआडच. पवना धरणाचं पाणी बंद पाइपातून आणायची योजना काढली, तर ९ ऑगस्ट २०११ ला द्रुतगती मार्गावर मावळच्या शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या, तिघं मेले. म्हणजे ज्यांच्या रानातून पाणी येणार त्यांना गोळी, आणि ज्यांच्या नळाला पाणी जाणार त्यांना दिवसाआड हंडा. मधल्यामध्ये कोण प्यालं? इंद्रायणी आळंदीला फेसाळते. वारकरी त्या फेसात उभे राहून तुकोबाचं नाव घेतात. वर कुणी काय सोडलं त्याचं रजिस्टर कुठंतरी असेलच, आणि त्यावर सगळं शुद्धच लिहिलेलं असेल.

८ डिसेंबर २०२३ ला तळवड्याला कारखाना पेटला. काय बनायचं तिथं? वाढदिवसाच्या केकवर लावायच्या, फुलबाजीसारख्या उडणाऱ्या मेणबत्त्या. पहिल्याच दिवशी सहा जणी गेल्या, पुढं दवाखान्यात आणखी. आता या शहराच्या चौकांत बघा. दर चौकात वाढदिवस. दादांचा वाढदिवस, भाऊंचा वाढदिवस, युवा नेत्याचा, आधारस्तंभाचा, त्या आधारस्तंभाच्या दोन वर्षांच्या पोराचा. ट्रकभर फटाके, क्रेनला टांगलेला हार, तलवारीनं कापलेला केक. केकवर ती मेणबत्ती. मला ती मेणबत्ती आता बघवत नाही. आमच्या बाया जाळून यांचे केक उजळतात.

आणि गटारात कोण उतरतं? २०१३ चा कायदा म्हणतो, मैल्यात माणूस उतरवायचा नाही. म्हणून कागदावर कुणीच उतरत नाही. उतरलेला माणूस गुदमरून मेला की प्रश्न पडतो, हा मेला कसा, हा तर उतरलाच नव्हता! तात्यांसारखाच. जात तीच, कागद तोच. आपली माणसं जिवंत असतात तेव्हा रजिस्टरला नसतात, आणि रजिस्टरला असतात ती जिवंत नसतात.

राजा कुठं होता म्हणता? मार्च २०२२ ते २०२६ ची निवडणूक, जवळजवळ चार वर्षं या महापालिकेत निवडून आलेलं सभागृहच नव्हतं. प्रशासक होते. त्याआधी सभागृह होतं तेव्हा तरी काय दिवे लागले होते, असं कुणी विचारलं तर मी वाद घालणार नाही. खान बादशहानं नेमलेला असो की मतानं आलेला, किल्ल्याचं दार त्याच्याच हातात. पण नेमलेल्याला घाण फेकून मारायलासुद्धा बाहेर बोलवता येत नाही, एवढा फरक आहे.

विलासी राजाचं म्हणाल तर तो आपल्या पुण्यातच होऊन गेला. दुसरा बाजीराव. त्यानं मामलती लिलावात काढल्या. जो जास्त बोली देईल त्याला तालुका. आज टेंडर म्हणतात, तेव्हा इजारा म्हणायचे. बोली देणारा रयतेकडून दुप्पट वसूल करणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. १८०२ साली हडपसरच्या लढाईत होळकरानं धूळ चारली, तसा हा महाडमार्गे वसईच्या बंदरात पळाला आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांच्या कागदावर सही करून मोकळा झाला. पुन्हा सहीच! १८१८ साली राज्य गेलं, याला वर्षाला आठ लाखांचा तनखा, गंगाकाठी ब्रह्मावर्ताला आराम. लुटलेल्या रयतेला तनखा मिळाल्याचं माझ्या वाचनात नाही. आमच्या डॉकवरून शिक्रापूरकडं जाणारा रस्ता धरला की पुढं कोरेगाव भीमा येतं. १ जानेवारीला आपण तिथं जातो, माथा टेकतो. टेकलाच पाहिजे. पण परत येताना आपल्या चौकात कुणाचा फ्लेक्स लागलाय आणि त्यावर खालच्या ओळीत, टिकलीएवढ्या गोलात, आपलाच फोटो आहे का, तेही बघा.

हे मी आपल्याच पोरांना सांगतोय. रागवायचं तर रागवा. पाचशे रुपये आणि बिर्याणीवर सभेला जाणारे आपण. ठेकेदाराची डीजे लावून १४ एप्रिलला नाचणारे आपण. तोच ठेकेदार १५ तारखेला आपल्या पाळीत चौदा भुतं भरतो. खानानं कागदावर पाचशे शिपाई ठेवले होते. आपण त्याला फुकटात खरोखरचे शिपाई झालो.

महाडची गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण तिचा एक भाग आपण विसरतो. महाडसुद्धा एके काळचं बंदरच. सावित्रीकाठची पेठ. तिथल्या नगरपालिकेनं १९२४ सालीच ठराव केला होता की चवदार तळं सगळ्यांना खुलं. ठराव झाला, कागद झाला, सही झाली. तळं होतं तिथंच होतं, आणि आपला माणूस होता तिथंच होता, तहानलेला. तीन वर्षं तो ठराव इनायतखानाच्या शिपायांसारखा कागदावर पहारा करत होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब माणसं घेऊन तळ्यावर चालत गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. तेव्हा तो कागद खरा झाला. डोकी फुटली, पण खरा झाला.

मला यातून एवढंच कळतं. कायदे आपल्याकडं कमी नाहीत. हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा या राज्यात आहे. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. नाही ते एवढंच, की कुणीतरी जाऊन मोजणं. सुरतेच्या दोन लाखांतल्या शंभर माणसांनी १६६३ सालीच खानाच्या दारात जाऊन विचारलं असतं, की पाचशे शिपाई दाखव, तर? कदाचित बंदूक चालली असती. ती नंतरही चाललीच, आणि ज्याच्यावर चालली तो तरी कुठं किल्ल्यात होता?

म्हणून कविता बाजूला ठेवून या अंकात हे लिहिलं. मित्रांनो, एक काम करा. तुम्ही डॉकवर असा, प्रेसशॉपला असा, सफाईच्या गाडीवर असा की सोसायटीच्या गेटावर. आपल्या पाळीत उभी असलेली माणसं मोजा. मग रजिस्टरवरची नावं मोजा. दिसत नसेल रजिस्टर तर मागा. महापालिकेच्या ठेक्यातलं असेल तर माहितीच्या अर्जात मागा. दोन आकडे, तारीख, पाळी, एवढंच कागदावर लिहा आणि खाली तिघांच्या सह्या घ्या. एकट्यानं करू नका, एकट्याचं काम जातं, मी सांगतोय. ज्याला लिहिता येत नाही त्याचं नाव तुम्ही लिहा आणि त्याला वाचून दाखवा. ज्याचं नाव रजिस्टरला नाही त्याचं नाव सगळ्यांत आधी लिहा.

माझ्या आधीच्या डॉकचे आकडे पुन्हा देतो. रजिस्टरवर चाळीस, कट्ट्यावर सव्वीस, आणि तात्या. तुमचे पाठवा. पुढच्या अंकात छापू.